गाडीतील जळका वास: मूळ कसे शोधावे आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आठ वर्षांची असून ८६,००० किलोमीटर चालली आहे. वडिलांच्या उपचारांसाठी आपण दर महिन्याला अंबाजोगाईहून केज, मांजरसुंबा, बीड या मार्गाने छत्रपती संभाजीनगरला जाता. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडजवळ चहासाठी थांबले की जळका वास येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत तो नाहीसा होतो. गेल्या दोन महिन्यांपासून संभाजीनगरमध्ये सिग्नलला एसी लावून उभे असतानाही गाडीच्या आत वास येऊ लागला आहे. एका गॅरेजने क्लच प्लेट बदलायला सांगितली, दुसऱ्याने वायरिंगवर संशय घेतला. वडील सोबत असताना गाडीने वाटेत पेट घेतला तर काय, ही आपली खरी काळजी आहे.

मी जालन्यात गेली सव्वीस वर्षे गाड्यांची दुरुस्ती करतो. माझे मत आधीच सांगतो. आपण वर्णन केलेले वास एकाच कारणाचे नसावेत. घाट उतरल्यावर येणारा वास ब्रेकचा असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, आणि सिग्नलला येणारा वास इंजिनमधून झिरपून गरम मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडणाऱ्या ऑइलचा असावा. दोन्ही गोष्टी घरच्या घरी बऱ्याच अंशी तपासता येतात. तोपर्यंत क्लच प्लेटही बदलू नका आणि वायरिंगही उकलू देऊ नका. वास हे केवळ लक्षण आहे. ताप आला म्हणून डॉक्टर रक्त तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया करत नाहीत, तसेच इथेही उष्णता नेमकी कुठे तयार होते हे सापडल्याशिवाय भाग बदलणे म्हणजे पैसे घालवून मूळ दोष तसाच ठेवणे होय.

मात्र तपासाकडे वळण्यापूर्वी, कोणत्या वासाला एक किलोमीटरही पुढे जायचे नाही, हे वडिलांसोबत प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. प्लास्टिक किंवा वायर जळाल्याचा उग्र, नाकाला झोंबणारा वास, पेट्रोलचा कच्चा वास, आणि कोणत्याही वासासोबत दिसणारा धूर या तीन प्रसंगी गाडी लगेच रस्त्याच्या कडेला घ्यावी. कडेला वाळलेले गवत, कडबा किंवा उसाचे पाचट असेल तर त्यावर गाडी उभी करू नये. इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवून वारा जिकडून येतो त्या बाजूला, रहदारीपासून दूर उभे करावे आणि मगच गाडीकडे पाहावे. बोनेटच्या फटींतून धूर येत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नये, कारण आत एकदम हवा मिळाली की धुमसणारी आग भडकते. आतली कळ ओढून बोनेट बोटभर सुटू द्यावे आणि त्या फटीतून अग्निशामकाची पावडर सोडावी. एक किलोचा एबीसी प्रकारचा ड्राय पावडर अग्निशामक डिकीत नव्हे, चालकाच्या हाताला लागेल अशा जागी बांधून ठेवावा. आग वाढत आहे असे दिसताच प्रयत्न सोडून लांब जावे आणि ११२ वर फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा क्रमांकही आहे. ज्वाला नसून केवळ वायरचा वास असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल काढल्याने पुढील नुकसान थांबते. बहुतेक छोट्या गाड्यांत त्यासाठी १० नंबरचा पाना पुरतो, आणि तो डॅशबोर्डच्या कप्प्यात असावा असा माझा आग्रह असतो.

आपण लिहिलेले दोन्ही वास या तीन प्रकारांत मोडत नाहीत असे दिसते. त्यामुळे घाबरून गाडी बंद ठेवण्याचे कारण नाही, परंतु पुढच्या फेरीपूर्वी तपास झाला पाहिजे.

शोधाची सुरुवात नाकापेक्षा वहीने करावी, असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. वास कोणत्या क्षणी आला, त्याआधीच्या पाच मिनिटांत काय केले होते, गाडी चालू होती की थांबली होती, एसी व ब्लोअर (हवा आत सोडणारा पंखा) चालू होता का, वास आत जास्त होता की बाहेर, आणि बाहेर असल्यास कोणत्या चाकाजवळ किंवा बोनेटच्या कोणत्या कोपऱ्याजवळ, एवढे लिहिले तरी अर्धा शोध संपतो. दोन गॅरेजनी दोन वेगळी उत्तरे दिली याचे कारण बहुधा हेच असावे की गाडी तिथे उभी असताना वास नव्हता, आणि आपल्याला हे प्रश्न कोणी विचारले नाहीत.

गाडीच्या आत वास येत असेल तेव्हा एक अतिशय सोपी परीक्षा आहे. एसीच्या पॅनलवर बाहेरची हवा आत घेण्याची आणि आतलीच हवा फिरवण्याची, अशा दोन स्थिती असतात. बाहेरची हवा पुढच्या काचेच्या खाली असलेल्या जाळीतून येते, आणि ती जाळी इंजिनच्या खोलीच्या अगदी मागे असते. वास येताच आतली हवा फिरवण्याची स्थिती लावावी. दोन-तीन मिनिटांत वास कमी झाला तर त्याचे मूळ इंजिनमध्ये किंवा गाडीखाली आहे. कमी न होता तो वाढत गेला तर मूळ डॅशबोर्डच्या आत, म्हणजे ब्लोअर, त्याची गती कमी-जास्त करणारा रेझिस्टर किंवा तिथल्या वायरिंगमध्ये आहे. वायरिंगवर संशय घेणारे गॅरेज बरोबर आहे की नाही, याचा पहिला निकाल ही परीक्षा देते.

आता घाटातील वासाकडे येऊ. केजकडून येताना मांजरसुंबा बालाघाटाच्या माथ्यावर लागते आणि बीडकडे जाताना रस्ता खाली उतरतो. म्हणजे आपल्याला वास येतो तो उतारानंतर. परतताना तोच घाट चढावा लागतो, आणि तेव्हा वास आल्याचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही. क्लच प्लेट जळते ती चढावर, अर्धवट क्लच दाबून गाडी ओढताना, चढावरच्या गर्दीत क्लचवर गाडी तोलून धरताना किंवा मागे घेताना. उतारावर क्लचला काम जवळजवळ नसतेच. केवळ या दिशेमुळे क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला मला घाईचा वाटतो.

ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी, समजा, १५० मीटर उंचीवरून उतरली आणि सारा भार ब्रेकवर टाकला, तर चाकांमध्ये सुमारे १७.६ लाख जूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे सुमारे सहा लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता काही मिनिटांत मोजक्या किलोंच्या लोखंडात साठते. मे महिन्यात बीड-परभणीकडे पारा ४२ अंशांच्या वर असतो, तेव्हा ती बाहेर पडायलाही वेळ लागतो. त्यामुळे घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर चांगल्या ब्रेकलाही वास येतो, आणि थोड्या वेळाने तो जातो. तेवढा वास हा दोष नव्हे, ती चालवण्याची पद्धत होय. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन गाडीला धरून ठेवते, ब्रेक मधूनमधून ठामपणे दाबून सोडावा, सतत टेकवून ठेवू नये. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे लोक मी पाहतो तेव्हा मनापासून वाईट वाटते. इंजिन बंद होताच ब्रेक बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची, मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टेअरिंग जड होते, आणि इंजिनची रोध करणारी ताकदही नाहीशी होते.

सवय आणि दोष यांतील फरक असा ओळखावा. घाट उतरून थांबल्यावर चारही चाकांजवळ जाऊन रिमला न शिवता तळहात चार बोटे दूर धरावा. पुढची दोन्ही चाके सारखी गरम आणि मागची थोडी कमी गरम असतील, तर ते स्वाभाविक आहे, कारण ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर असतो. उजव्या-डाव्यात स्पष्ट फरक असेल, एकच चाक भट्टीसारखे धगधगत असेल, तर तिथे ब्रेक धरून राहतो. गॅरेजमध्ये लांबून तापमान मोजणारा थर्मामीटर असतो, त्याने आकडा लगेच मिळतो. याची आणखी खात्री करायची असेल तर सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर अगदी कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, शेवटी ती आपोआप मंदावू द्यावी आणि मग तपासावे. ब्रेक न वापरताही चाक तापले तर ते निश्चित अडकते आहे. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र कधीही ओतू नये. ती वाकडी होते आणि पुढे ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरते.

अडकलेल्या चाकाचे मूळ शोधण्याची एक ठरलेली रीत आहे. ती रीत सोडून सरळ कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलला की काय होते, याचे एक उदाहरण माझ्या चांगले लक्षात आहे. परतूरकडच्या एका शेतकऱ्यांच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाला वास येत असे. एका ठिकाणी त्यांचे पॅड दोनदा बदलले होते, नंतर कॅलिपरही नवा बसवला होता, तरी वास कायम होता. मी गाडी जॅक व स्टँडवर घेतली, ब्रेक चार-पाच वेळा दाबून सोडला, तेव्हा चाक हाताने फिरेना. कॅलिपरवरचे ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याचे तोंड, किंचित उघडताच ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळे झाले. याचा अर्थ दाब कॅलिपरमध्ये अडकून राहत होता. ब्रेक पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरजवळचा जोड सैल करून चाक सुटत नव्हते, निपल उघडल्यावर सुटत होते, म्हणजे अडथळा या दोहोंच्या मध्ये, रबरी होज पाइपमध्ये होता. तो पाइप बाहेरून उत्तम दिसत होता. कापून पाहिला तेव्हा आतले रबर सुजून छिद्र जवळजवळ बंद झालेले होते: पायाच्या जोराने ऑइल पुढे जाई, पण परत येत नसे. सर्व बदललेल्या भागांमध्ये तो पाइप सर्वांत स्वस्त होता. निपल उघडूनही चाक सुटत नसेल तर मात्र दोष कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरक-पिनांचा असतो. आपल्याकडे काळ्या मातीचा चिखल वाळून पिनांच्या रबरी टोप्यांत शिरतो, ग्रीस सुकते आणि पिना जाम होतात. त्या स्वच्छ करून ब्रेकसाठीचेच, उष्णता सहन करणारे ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते.

मागच्या चाकांत ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल पाहावी. गंज धरलेली केबल हँडल खाली केल्यावरही पूर्ण परतत नाही. आपण वडिलांना उतरवण्यासाठी गाडी थांबवून हँडब्रेक लावत असाल आणि निघताना तो एखादा दात वर राहत असेल, तर तेवढ्यानेही मागची चाके तापतात.

याच वेळी ब्रेक ऑइलचे वय विचारावे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. हा प्रसंग वासापेक्षा कितीतरी अधिक गंभीर आहे. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, आणि आठ वर्षांत ते एकदाही बदलले नसेल तर पुढच्या फेरीआधी बदलावे. त्यासाठी वासाचे मूळ सापडेपर्यंत थांबू नका.

सिग्नलला येणाऱ्या वासाबद्दल आपण एसीचा उल्लेख केला, तो महत्त्वाचा आहे. फोडणीचे तेल कढईत जास्त तापले की स्वयंपाकघरात जो वास कोंदतो, तसा हा वास असेल तर इंजिन ऑइल झिरपत आहे असे समजावे. इंजिनच्या माथ्यावर टॅपेट कव्हर असते आणि त्याखाली रबराची पॅकिंग. सात-आठ वर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते, त्याची पकड जाते, आणि ऑइलचा एखादा थेंब खाली असलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतो. गाडी धावत असताना वारा तो वास मागे नेतो. गाडी थांबली की तोच वास वर चढतो, काचेखालच्या जाळीतून ओढला जातो आणि ब्लोअर तो आपल्या तोंडावर सोडतो. म्हणूनच हा वास रस्त्यावर येत नाही, सिग्नलला येतो. आपले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

तपासायचे असे की इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडून, टॉर्चच्या उजेडात टॅपेट कव्हरची कड, ऑइल फिल्टरचा परिसर आणि मॅनिफोल्डवरचा पत्रा पाहावा. आपल्या भागातील धूळ इथे उपयोगी पडते. जिथे ऑइल झिरपते तिथे ती चिकटून काळा, ओलसर थर होतो, आणि कोरड्या जागी ती फुंकरीने उडते. थर कुठून सुरू होतो हे पाहण्यासाठी नेहमी सर्वांत वरचा ओला बिंदू शोधावा, कारण ऑइल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे पसरते. खात्री नसेल तर सारे स्वच्छ पुसून, कोरडे करून त्यावर साध्या टाल्कम पावडरीचा पातळ थर द्यावा आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा पाहावे. गळतीची रेघ पावडरीवर स्पष्ट उमटते. नुकतेच ऑइल बदलले असेल तर ओतताना सांडलेल्या ऑइलचाही असा वास येतो, पण तो एक-दोन फेऱ्यांत संपतो. दोन महिने टिकत नाही.

पॅकिंग बदलण्याचे काम क्लच प्लेटच्या तुलनेत फार स्वस्त आणि अर्ध्या दिवसाचे आहे, पण ते नीट करून घ्यावे. कव्हरचे बोल्ट मध्यापासून बाहेर, आलटून पालटून आणि कंपनीने दिलेल्या मापाइतकेच आवळले पाहिजेत. गळती थांबत नाही म्हणून जोर लावला की कव्हर वाकते किंवा प्लास्टिकचे असेल तर तडकते. पॅकिंगवर सर्वत्र सिलिकॉन फासणाऱ्यांना थांबवावे. ते फक्त ठरलेल्या कोपऱ्यांवर लागते, आणि जास्तीचे सिलिकॉन आत पडून इंजिनच्या तळाच्या चेंबरमधील ऑइलच्या जाळीत अडकते. आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. इंजिनच्या आतील वाफ बाहेर नेणारी पीसीव्ही झडप चोंदलेली असेल तर आत दाब वाढतो आणि नवी पॅकिंगही काही महिन्यांत गळू लागते. म्हणून पॅकिंगसोबत ती झडप आणि तिची नळी स्वच्छ करून घ्यावी. स्पार्क प्लग बसतात त्या खोल खाचांत ऑइल उतरले आहे का, तेही त्याच वेळी दिसेल. काम होईपर्यंत आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पातळी पाहत राहावी. थेंबभर झिरपण्याने आग लागणे विरळा असले तरी मॅनिफोल्डवर ऑइल वाहत असेल तर ते पेटू शकते, त्यामुळे हे काम या महिन्यातच करावे.

क्लचची शंका मनातून जावी म्हणून एक परीक्षा आपणच करा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० ते ५० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएमचा काटा झपाट्याने चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. आवाज व वेग एकमेकांबरोबर वाढले तर क्लच ठीक आहे. तो घसरत असला तरी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली ऑइलचा थेंब आहे का, हे आधी पाहावे. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून गळणारे ऑइल नव्या प्लेटलाही वर्षभरात खराब करते. गिअरबॉक्स खाली उतरवलाच तर तो सील बदलल्याशिवाय वर चढवू नये.

वायरिंगबद्दल अधिक विस्ताराने लिहितो, कारण आग लागण्याचा खरा धोका तिथे असतो आणि तो बहुतेक वेळा आपणच बाहेरून आणलेला असतो. गाडीत नंतर बसवलेले दिवे, म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, जीपीएस यांपैकी काही आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर तपासाची सुरुवात तिथूनच व्हावी. रात्री गावाकडच्या रस्त्यावर उजेड कमी पडतो म्हणून एच-४ प्रकारच्या मूळ ६०/५५ वॅटच्या बल्बच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब बसवले जातात. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा सुमारे ८.३. वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह १.७ पटीच्या आत असला तरी उष्णता पावणेतीन पटींहून जास्त होते. आधी कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लास्टिकचा जोड) तपकिरी होतो, मग वितळतो, आणि त्याच वेळी तो नाकाला झोंबणारा वास येतो. उजेड हवाच असेल तर काच व परावर्तक स्वच्छ करावे, बॅटरीची अर्थिंग (निगेटिव्ह टोकाचा गाडीच्या धातूशी असलेला जोड) सुधारावी आणि मूळ वॅटचाच चांगला बल्ब बसवावा.

फ्यूज उडाला की मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल रंग १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा असतो. बॉक्सच्या झाकणावरील आकड्याशी प्रत्येक फ्यूजचा रंग जुळवून पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे. जिथे निळ्याच्या जागी हिरवा दिसेल, तिथे कोणीतरी दोष शोधण्याऐवजी तो लपवला आहे, आणि आता फ्यूजऐवजी वायर जळणार आहे. अर्थिंग तपासण्यासाठी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, इंजिन चालू व दिवे, ब्लोअर लावलेले असताना, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनच्या धातूवर टेकवावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. बॅटरीवर इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असावेत. १५ च्या वर गेले तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे, आणि तेव्हा येणारा वास जळका नसून सडक्या अंड्यासारखा असतो. ब्लोअर फक्त शेवटच्या गतीवरच चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळाला आहे. नवा बसवण्याआधी ब्लोअरची मोटर पाचोळा किंवा उंदराच्या घाणीने जड झाली आहे का, हे पाहावे, अन्यथा नवाही जळेल.

उंदरांवरून एक प्रसंग सांगावासा वाटतो. एका हिवाळ्यात एका ग्राहकाच्या गाडीला फक्त सकाळच्या पहिल्या पाच किलोमीटरमध्ये जळका वास येई, दिवसभर काही नसे. त्यांनी वेचणीचा कापूस घराच्या पुढच्या खोलीत भरला होता आणि गाडी त्याच भिंतीला लागून उभी राहत असे. मॅनिफोल्डवरच्या पत्र्याच्या आत उंदीर रोज रात्री नवा कापूस नेऊन ठेवत आणि सकाळी तो धुमसून संपे. मी त्यांना तो कापूस हातात काढून दाखवला. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन रस्त्यावर पसरलेले असते, तेव्हा त्यावरून गेल्यावर भुसकट गाडीखाली सायलेन्सरला गुंडाळले जाते. कारखान्यांच्या हंगामात उसाच्या पाचटाचेही तेच होते. गाडीखालच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतील तापमान ४०० ते ८०० अंशांपर्यंत असते, आणि त्याचे कवचही वाळलेले काड पेटवण्याइतके तापू शकते. अशा रस्त्याने गेल्यावर थांबून, इंजिन बंद करून, खाली वाकून एकदा पाहावे. अडकलेली प्लास्टिकची पिशवीही तशीच सापडते. ती थंड झाल्यावर लाकडाने खरवडावी.

उरलेल्या कारणांपैकी कूलंटचा वास गोडसर, गुऱ्हाळावरच्या काकवीची आठवण करून देणारा असतो. पायाजवळची चटई ओली व चिकट लागली तर हीटरची जाळी गळते आहे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, आणि कूलंट विषारी असल्याने सांडलेले धुऊन काढावे. रबर जळाल्याचा वास किंचाळणाऱ्या आवाजासह आला तर फॅन बेल्ट पाहावा. तो एसी लावल्यावरच येत असेल तर बेल्टपेक्षा एसीचा कंप्रेसर किंवा त्याचा क्लच जाम होण्याची शक्यता जास्त असते. नवे पॅड, नवा सायलेन्सर किंवा गाडीखाली केलेले नवे कोटिंग यांचाही काही दिवस वास येतो.

आपल्या गाडीसाठी आता क्रम असा ठेवा. या आठवड्यात थंड इंजिनवर टॅपेट कव्हर पाहा, फ्यूजचे रंग जुळवा आणि क्लचची परीक्षा करा. गॅरेजमध्ये गेल्यावर चारही चाके उचलून हाताने फिरवून घ्या, ब्रेक ऑइल बदला आणि पॅडची जाडी आपल्या डोळ्यांनी पाहा. जो भाग बदलला जाईल तो जुना भाग मागून घ्या. पुढच्या फेरीत घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, बीडला थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात धरा आणि काय आढळले ते वहीत लिहा. संभाजीनगरच्या सिग्नलला वास आला तर आतली हवा फिरवण्याची कळ दाबून घड्याळ पाहा. अशा गिअरमध्ये उतरूनही आणि चाके सारखी गरम असूनही वास आला, किंवा कळ दाबल्यावर वास वाढला, तर ती नोंद मला पाठवा. त्या परिस्थितीत माझा अंदाज चुकलेला असेल, आणि कळ दाबल्यावर वास वाढला असेल तर डॅशबोर्डच्या आतली तपासणी ब्लोअरपासून सुरू करावी लागेल.